डिस्कची संख्या आणि उपाधीचा विचार

एखाद्या गोष्टीला मर्यादा आहे असे म्हटले जाते तेव्हा ती तिच्या स्वरूपातच असते, की तिला सामावणाऱ्या साधनाची असते, हा प्रश्न वेदान्ताने ‘उपाधी’ या संकल्पनेतून हाताळला आहे. जिच्या सान्निध्यामुळे वस्तूच्या ठायी नसलेला धर्म तिच्यावर भासतो, ती उपाधी. घटातले आकाश तुटक वाटते, पण तो तुटकपणा घटाचा असतो.

संगणकशास्त्रातील एका रूक्ष वाटणाऱ्या नियमाला हा विवेक लावला, तर तो अनपेक्षित खोलीपर्यंत नेतो. अनेक डिस्क एकत्र जोडून, एखादी निकामी झाली तरी माहिती शाबूत ठेवणाऱ्या व्यवस्थेला रेड म्हणतात, आणि हे काम स्वतंत्र यंत्राऐवजी कार्यप्रणालीच करते तेव्हा ते सॉफ्टवेअर रेड ठरते. लिनक्स या कार्यप्रणालीतील सॉफ्टवेअर रेडच्या जुन्या, 0.90 आवृत्तीच्या रचनेत प्रत्येक डिस्कवर सुपरब्लॉक नावाचे 4096 बाइटांचे नोंदपान असे. त्यात 128 बाइटांचे 32 रकाने पडत, त्यांपैकी 4 सामायिक माहितीला आणि 1 त्या डिस्कच्या स्वतःच्या ओळखीला जाई, म्हणून सदस्यांसाठी उरत 27. नंतरच्या रचनेने 256 बाइटांचा मूळ भाग ठेवून प्रत्येक सदस्याला केवळ 2 बाइट दिले, तेव्हा तेवढ्याच पानावर 1920 सदस्य मावू लागले. डिस्क होत्या तशाच राहिल्या, पान लिहिण्याची रीत तेवढी बदलली. 27 ही मर्यादा निखालस औपाधिक होती.

रेड-6 मध्ये मात्र प्रश्न खरा कठीण होतो. दोन डिस्क एकाच वेळी गेल्या तरी माहिती परत मिळावी म्हणून तिथे प्रत्येक डिस्कला वेगळा गुणक द्यावा लागतो, आणि एका बाइटाच्या 256 मूल्यांतून शून्य वगळता असे 255 च गुणक मिळतात. माहितीच्या 256 व्या डिस्कला आधीचाच एखादा गुणक द्यावा लागेल, आणि त्या दोन्ही एकदम गेल्या तर समीकरणे सुटणार नाहीत. ही मर्यादा गणिताचीच वाटते, तरीही गुणक निवडण्यासाठी एका बाइटाऐवजी 16 बिटांचे अंकक्षेत्र घेतले तर ती 65,535 वर जाते. म्हणजे आकडा येथेही उपाधीचाच आहे. अनिवार्य आहे तो एवढाच संबंध, की सांत क्षेत्रात गुणक केव्हातरी संपतात. घटाकाशाचा दृष्टान्त येथे अपुरा पडतो, कारण घट फुटल्यावर आकाश निर्बाध उरते, तर येथे एक क्षेत्र सोडले की दुसरे पत्करावेच लागते.