उतू गेलेलं दूध आणि सांडलेला पाक




राग आला की थांबावं, मन शांत झाल्यावरच बोलावं, हे आपण सत्संगात नेहमी ऐकतो. ते खरंच आहे. पण प्रत्येक वेळी थांबणं बरोबर असतं का? कधी कधी थांबणं हाच दोष होतो का? या आठवड्याच्या चिंतनाला हा प्रश्न घेतला आहे. आणि त्याचं उत्तर शोधायला फार लांब जायची गरज नाही. आपल्या ओट्यावरची काचेची शेगडी पुरते.

हल्ली बहुतेक घरांत काचेचा गॅस आहे, नाहीतर इंडक्शन आहे. दोन्ही काचा एक नव्हेत. गॅसची काच टफन्ड असते; तापलेली असताना तिच्यावर गार पाणी पडलं तर तडकू शकते. इंडक्शनची काच वेगळ्या जातीची, तिला काच-सिरॅमिक म्हणतात. तिची गोष्ट मजेची आहे. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी नावाचे शास्त्रज्ञ होते. 1953 च्या सुमारास त्यांची भट्टी 600 अंशांऐवजी 900 अंशांपर्यंत तापली. आतली काच वितळून गेली असणार असं त्यांना वाटलं. पण ती शाबूत निघाली, आणि बाहेर काढताना हातातून पडली तरी फुटली नाही. असा या काचेचा जन्म. ताप ती सोसते. तारेची घासणी मात्र सोसत नाही. आपल्या आज्या पितळेची भांडी राख आणि काथ्याने लख्ख करायच्या, तीच रीत इथे लावली तर कायमचे ओरखडे राहतात.

आता दूध उतू गेलं, चहा सांडला, वरण करपलं, तर काय करायचं? आधी गॅस बंद. मग थांबायचं. काच गार झाली की डागावर खायचा सोडा भुरभुरवायचा, कोमट पाण्यात पिळलेलं फडकं त्यावर पंधरा-वीस मिनिटं घालून ठेवायचं. मग मऊ कापडाने हलक्या हाताने पुसायचं. जोर करावा लागत नाही, भिजल्यावर डाग आपोआप सुटतो. गरम असतानाच घासायला गेलं तर हात भाजतो आणि डाग पसरतो, तो वेगळाच.

रागाचं तसंच आहे. उतू जाणं हा काही दुधाचा गुन्हा नाही. रथसप्तमीला तर आपण अंगणात गोवऱ्यांवर मुद्दाम दूध उतू जाऊ देतो. माणसाचंही मन कधी भरून येतं आणि तोंडून शब्द सांडतो. सून बोलली, सासू बोलली, भंडाऱ्याच्या गडबडीत एखादी ताई ओरडली. त्याच क्षणी हिशोब करायला बसलो तर दोघांचेही हात भाजतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ही पायरी सांगितली आहेच: रागातून मोह, मोहातून विस्मरण, आणि शेवटी बुद्धीच जाते. म्हणून थांबावं, भिजू द्यावं.

पण थांबणं म्हणजे सोडून देणं नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. डाग न पुसता त्यावरच सकाळचा चहा ठेवला, दुपारची भाजी केली, तर तो प्रत्येक वेळी पुन्हा भाजतो आणि अजून घट्ट होतो. साचणं म्हणजे काय ते आपल्या बुऱ्हाणपुरात वेगळं सांगायला नको. कुंडी भंडारा आपण पाहिलेला आहे. 1615 च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखाना यांच्या काळात बांधलेली ती व्यवस्था. सातपुड्याचं पाणी जमिनीखालून गावात आणणारी. त्या पाण्यात चुना आहे. डोळ्याला पाणी स्वच्छ दिसतं, पण त्याचे थर भिंतींवर बसत बसत दगड होऊन जातात आणि पाण्याची वाट अरुंद होते. घरातला न बोललेला राग असाच बसतो. म्हणून गार होईपर्यंत थांबा, पण पुसायचं विसरू नका.

आता दुसरी गोष्ट, आणि आजचं खरं सांगणं हेच आहे.

साखरेचा पाक सांडला तर थांबायचं नाही!

मावा जिलेबीच्या गावात राहणाऱ्यांना पाक काय चीज आहे ते माहीतच आहे. दुधाच्या डागाला जो नियम, तो पाकाला लावला की काच गेलीच समजा. पाक गार होताना काचेला असा धरून बसतो की नंतर काढताना काचेचा कपचा त्याच्याबरोबर निघू शकतो, खड्डा पडतो. तो पुन्हा भरून येत नाही. म्हणून शेगडी बंद करून, हाताला जाड फडकं गुंडाळून, पाक मऊ आहे तोवरच काढायचा. इंडक्शनवर सपाट पात्याची खरवडणी तिरपी धरून, गॅसच्या काचेवर लाकडी उलथण्याने. उरलेला पातळ थर गार झाल्यावर कोमट फडक्याने.

आयुष्यात पाक कोणता? जे सांडताना गोड लागतं तो.

लग्नाची बोलणी चालू असतात. समोरचे हसून म्हणतात, "आम्हाला काहीच नको हो, तुमच्या मुलीला तुम्ही हौसेने जे द्याल ते." सगळे हसतात, चहा येतो. मुलाकडचे आपण असू तर ते वाक्य आपल्याला किती गोड लागतं! हुंडा देणं आणि घेणं दोन्ही 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी त्या बैठकीत कुणी बोलत नाही. "आत्ता नको, वातावरण बिघडेल, नंतर बघू." नंतर याद्या होतात, पत्रिका छापल्या जातात, आणि मग बोलायला जागाच उरत नाही. "नको म्हणजे खरंच नको, गाडीही नको, सोनंही नको," हे त्याच बैठकीत, पाक मऊ असताना, मुलाच्या आईने म्हटलं पाहिजे. ती बोलली तर निघून जातं. मुलीच्या आईला नंतर बोलावं लागलं तर खड्डा पडतो, आणि तो मुलीच्या वाट्याला येतो.

असेच छोटे पाकही असतात. दुसऱ्या ताईंनी रात्रभर केलेल्या सेवेचं कौतुक आपल्या नावावर झालं. दुकानदाराने चुकून शंभर रुपये जास्त परत दिले. मुलाने वडिलांना खोटं सांगितलं आणि आईने लाडाने झाकलं. यात कुणी ओरडत नाही, कुणाला चटका बसत नाही, म्हणून ते डाग वाटतच नाहीत.

कुणी विचारेल, मग शांतीचं काय? यावर संत एकनाथांकडे पाहावं. पैठणला गोदावरीवरून येताना एक माणूस त्यांच्या अंगावर पुन्हा पुन्हा थुंकला. नाथ न रागावता पुन्हा पुन्हा स्नान करून आले, ही कथा आपण शांतीसाठी सांगतो. पण त्याच नाथांनी काशीहून रामेश्वरासाठी आणलेलं कावडीतलं गंगाजल तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला तिथल्या तिथे पाजलं. तिथे थांबले नाहीत, शास्त्र विचारायला गेले नाहीत. दोन्ही वेळी माणूस एकच, मन तितकंच शांत. फरक एवढाच की पहिल्या वेळी त्रास स्वतःला होता, दुसऱ्या वेळी दुसऱ्याला.

मला वाटतं कसोटी हीच. मला लागलं असेल तर थांबावं. माझा फायदा होत असेल, किंवा माझ्या गप्प बसण्याने दुसऱ्याला लागणार असेल, तर थांबू नये. आपण बहुधा उलट करतो. आपल्या अपमानाचं उत्तर लगेच देतो, आणि आपल्या फायद्याच्या वेळी म्हणतो, "शांतपणे विचार करू."

आणि लगेच म्हणजे तावातावाने नव्हे बरं का. पाक काढतानाही आधी आच बंद करतो, हाताला फडकं बांधतो, पातं आडवं धरतो. टोकाने खुपसत नाही. डाग काढायचा आहे, काच राखायची आहे.

या आठवड्याचा अभ्यास: रोज रात्री नामस्मरणाआधी दोन प्रश्न. आज मी कुठे थांबायला हवं होतं? आणि आज कुठलं गोड मी तसंच सुकू दिलं? दुसऱ्याचं उत्तर मिळालं तर सकाळची वाट पाहू नका, ज्यांना फोन करायचा त्यांना तेव्हाच करा. अजून ऊब असेल.

जय गुरुदेव 🙏
— एक सेविका, बुऱ्हाणपूर