पडका किल्ला आणि नांदते देवस्थान

माहूरचा किल्ला आज यवतमाळ जिल्ह्याच्या हद्दीबाहेर, पैनगंगेपलीकडे नांदेड जिल्ह्यात येतो. पण यवतमाळच्या दक्षिण भागाचा मध्ययुगीन इतिहास या किल्ल्यावाचून सांगता येत नाही. अकबराच्या काळात आजचा यवतमाळ जिल्हा मुख्यतः वऱ्हाड सुभ्याच्या दोन सरकारांत मोडत होता: कळंब आणि माहूर. पुसद-उमरखेडकडचा मुलूख माहूरचा. अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त माहूरची नोंद करताना डोंगरावरचा बळकट किल्ला आणि त्याच्या लगतचे देवीचे देऊळ, दोन्हींचा उल्लेख एका दमात केला आहे. त्यानंतर चारशे वर्षांत किल्ला पडला आणि देऊळ नांदत राहिले. दोन्ही दगडाचे, दोन्ही एकाच पावसात भिजणारे. वास्तूचे पावित्र्य नेमके कशात असते आणि ती पडली म्हणजे काय नाहीसे होते, हा धर्मविचारातला जुना प्रश्न माहूरला डोळ्यांसमोर उभा राहतो.

किल्ल्याची हकीकत हातोहात फिरलेल्या सत्तेची आहे. यादव आणि गोंड राजांशी त्याचे नाव जोडले जाते. 1425च्या सुमारास अहमदशहा बहमनीने माहूर घेतले आणि त्याच मोहिमेत गोंड राजाकडून कळंबही घेतले. पुढे बहमनी वजीर महमूद गावानने राज्याची नव्याने विभागणी केली, तेव्हा वऱ्हाडाचे गाविल आणि माहूर असे दोन तुकडे झाले. माहूर खुदावंतखान हबशीकडे गेले. ते मग इमादशाहीत, 1574मध्ये वऱ्हाडाबरोबर निजामशाहीत आणि 1596मध्ये मोगलांकडे गेले. जहांगीराविरुद्ध बंड करून दक्षिणेतून पळताना शहाजहानने आपले हत्ती आणि जड सामान याच किल्ल्यात सरदार उदारामाच्या हवाली केले होते. त्याच उदारामाच्या घराण्यातली सावित्रीबाई ‘रायबागन’ या किताबाने प्रसिद्ध आहे. 1661मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडले, तेव्हा ती मोगलांच्या फौजेत होती.

गडाची तटबंदी डोंगराच्या वळणांनी धावते; जिथे कडा पुरेसा आहे तिथे त्याच्यावरच भिस्त ठेवलेली आहे. हत्ती दरवाजा, चिनी महाल नावाने ओळखली जाणारी वास्तू, महाकाली बुरूज, इंजाळा तलाव ही त्यातली ठळक ठिकाणे. दख्खनी किल्ल्यांचा दरवाजा सहसा सरळ सामोरा येत नाही. वाट बुरुजाला वळसा घालून येते, म्हणजे हत्तीला धडक द्यायला धाव मिळत नाही आणि वर तटावरच्या माणसाला शत्रूची उघडी कूस दिसते. कमानीच्या आत पहारेकऱ्यांच्या देवड्या, जाड फळ्यांमागे अडसराची भोके, वर टोकदार कमान. यातला एकेक दगड एका भयाचे उत्तर म्हणून बसवलेला आहे. तोफा बदलल्या, राजवट बदलली, नदीच्या वाटेने येणारा शत्रू उरला नाही, आणि त्या उत्तराची गरज संपली. मग तटात पिंपळ रुजला. किल्ल्याला शत्रूच पाडतो असे नाही. प्रयोजन संपले की गळका कोपरा बुजवायला कोणी उरत नाही आणि पाऊस बाकीचे काम करतो.

रेणुकेचे देऊळ शेजारच्या डोंगरावर. साडेतीन शक्तिपीठांपैकी हे एक पूर्ण पीठ. कथा सर्वांच्या ओळखीची आहे. परशुराम पित्याचे शव कावडीत घेऊन येथे आला आणि मातृतीर्थावर त्याने अंत्यविधी केले. मागे वळून पाहू नकोस अशी आज्ञा असताना आईच्या ओढीने त्याने आधीच पाहिले, म्हणून आई रेणुका जमिनीतून मुखापुरतीच वर आली. गाभाऱ्यात आजही शेंदूर माखलेले मुखच आहे. त्याला तांदळा म्हणतात. बाहेर विड्याची पाने खलबत्त्यात कुटली जातात, काथ, सुपारी, बडीशेप एकजीव होते आणि तो लाल तांबूल देवीला दाखवून प्रसाद म्हणून हातावर येतो. ‘आईचा विडा’ घेतल्याशिवाय धनोड्याच्या पुलावरून माघारी येणारा यवतमाळकर विरळा.

ज्या धर्मपरंपरेत भंगलेल्या मूर्तीची पूजा वर्ज्य आहे, तिथे केवळ मुखापुरती प्रकटलेली देवी पूर्ण मानली जाते. यात विसंगती वाटली तरी शास्त्रात तिचा विचार झालेला आहे. माणसाने घडवून प्राणप्रतिष्ठा केलेली मूर्ती आणि स्वयंभू स्थान यांना वेगवेगळे नियम आहेत. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचा विधी आहे: जीर्ण मूर्ती विधिपूर्वक हलवावी, पाण्यात विसर्जित करावी, नवी बसवावी. पण देवांनी किंवा ऋषींनी स्थापलेले लिंग जीर्ण किंवा भग्न झाले तरी हलवू नये, असेही तिथेच सांगितले आहे. देऊळ नव्याने बांधताना मूर्तीतले देवत्व मंत्रांनी कलशात उतरवतात, काम पुरे होईपर्यंत त्या कलशाची पूजा चालते आणि नंतर ते पुन्हा मूर्तीत आणतात. म्हणजे भिंत, शिखर, एवढेच काय मूर्तीसुद्धा बदलू शकते. पूजेचा धागा तुटता कामा नये.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू मिनँडर राजाला रथाबद्दल विचारतो: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? बौद्ध विचार तिथे या निष्कर्षाला येतो की सुट्या भागांच्या जुळणीला दिलेले नाव म्हणजे रथ; त्यापलीकडे रथ म्हणून काही नाही. जीर्णोद्धाराचा विधी त्याच प्रश्नाला वेगळे उत्तर देतो. सगळे भाग बदलले तरी देवस्थान तेच राहते, कारण त्याचे तेच असणे भागांवर नव्हे, अखंड सेवेवर टेकलेले आहे. दोन्ही विचार दगडाला अंतिम महत्त्व देत नाहीत, एवढे त्यांच्यात साम्य आहे.

या बाबतीत सर्वांत धीट भूमिका महानुभावांची. माहूर त्यांनाही पूज्य आहे. दत्तात्रेय प्रभू त्यांच्या पंचकृष्णांपैकी, म्हणजे पाच अवतारांपैकी, एक, आणि त्यांतल्याच चक्रपाणींना याच डोंगरात वाघाच्या रूपातल्या दत्तात्रेयांची भेट झाली अशी त्यांची श्रद्धा आहे. या पंथात संस्थापक चक्रधरस्वामी जिथे बसले, निजले, बोलले ती जागा वंदनीय. तिथे एक ओटा पुरेसा होतो. ‘स्थानपोथी’ हा त्यांचा ग्रंथ अशा जागांची नोंद देतो. देऊळ कोणत्या दिशेला, दार कुठे, स्थान त्याच्या कोणत्या बाजूला, इतक्या बारकाईने ती लिहिली आहे की आज नाहीशी झालेली देवळे अभ्यासक तिच्यावरून शोधतात. देऊळ गेले, स्थान राहिले.

कळंबची गत याहून बोलकी. एका सरकारचे ठाणे आणि बहमनी सुलतानाने जिंकून घेतलेला किल्ला हे त्याचे जुने महत्त्व. आज माणसे तिथे जातात ती चिंतामणीच्या दर्शनाला, पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटातल्या देवळात. तिथल्या कुंडाचे पाणी काही वर्षांच्या अंतराने चढून गणपतीच्या पायांना लागते, तेव्हा गाव लोटते. यवतमाळजवळच्या लोहाऱ्याचे कमलेश्वराचे हेमाडपंती देऊळ चुन्याशिवाय दगडात दगड बसवून उभे आहे. पण सगळीच देवळे वाचलेली नाहीत. विदर्भातल्या कितीतरी गावांत झाडाखाली झिजलेल्या, हात तुटलेल्या मूर्ती टेकवून ठेवलेल्या असतात. त्यांचे देऊळ आणि त्यांची नावेही विसरली गेली. तेव्हा धर्मवास्तू पडत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. सेवा थांबली की तीही किल्ल्याच्याच वाटेने जाते.

इंग्लंडमध्ये हा विचार दुसऱ्या टोकाने झाला. डॉर्सेटमधला कॉर्फ किल्ला 1646मध्ये पार्लमेंटच्या फौजेने मुद्दाम सुरुंग लावून उडवला. त्याचे कललेले बुरूज तसेच उभे आहेत आणि त्यांना कोणी सरळ केलेले नाही. जॉन रस्किनने 1849मध्ये असे मांडले की जुनी वास्तू नवी करणे म्हणजे तिचा नाश करणे होय, कारण ज्या हातांनी ती घडवली ते हात परत आणता येत नाहीत. विल्यम मॉरिसने 1877मध्ये याच विचाराची संस्था काढली आणि 1964च्या व्हेनिस सनदेने अंदाजाने केलेली पुनर्बांधणी अमान्य केली. भारतातले पुरातत्त्वाचे कामही मुख्यतः या विचाराने चालते. रस्किनला दगडावरचा हात मोलाचा वाटतो, जीर्णोद्धार करणाऱ्याला दगडापुढे जोडलेला.

माहूरला या दोन्ही विचारांची गरज आहे, फक्त त्यांची जागा चुकता कामा नये. जिथे पूजा चालू आहे तिथे, मग ते रेणुकेचे देऊळ असो, दत्तशिखर असो, किल्ल्यातले महाकालीचे ठाणे असो की सोनापीराचा दर्गा, दुरुस्ती आणि नूतनीकरण हा श्रद्धेचा हक्क आहे. फक्त जुन्या कोरीव दगडावर तैलरंग आणि चकचकीत फरशी चढवणे म्हणजे जीर्णोद्धार नव्हे. विधीतही जुन्याला निरोप देताना आदर सांगितला आहे. किल्ल्याचा तट मात्र नवा बांधू नये. ज्या भयासाठी तो उभा राहिला ते भय परत येणार नाही, आणि सिमेंटचा नवा बुरूज बहमनी गवंड्याचे काम काही सांगू शकणार नाही. त्याला हवी आहे ती साधी निगा: तटातली झाडे मुळासकट काढणे, पाण्याच्या जुन्या वाटा मोकळ्या करणे, सुटलेला दगड चुन्यातच पुन्हा बसवणे आणि तलावातला गाळ उपसणे.