ऐकणारानें ‘आमेन’ म्हणावें कसें?



देवानें मनुष्यास वाचा कशासाठीं दिली? उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत आपण वाचतों कीं, देवानें पशुपक्षी घडवून आदामाकडे आणिले आणि तो त्यांस काय म्हणतो हें पाहिलें. नांवें त्यानें स्वतः दिलीं नाहींत. बागेची राखण करणें व नांवें ठेवणें, हीं मनुष्यास नेमून दिलेलीं पहिलीं कामें होत. (आमच्या गांवांत ‘नांवें ठेवणें’ याचा अर्थ पुढें काय झाला, हें निराळें सांगावयास नको!)

पशूंसही एक प्रकारची बोली आहे. मधमाशीस फुलें सांपडलीं म्हणजे ती पोळ्यावर परत येऊन नाचते, आणि तीं फुलें कोणत्या दिशेस व किती दूर आहेत हें त्या नाचावरून इतर माश्यांस कळतें. कार्ल फॉन फ्रिश नांवाच्या शास्त्रज्ञानें हें कोडें उलगडिलें. १९७३ सालीं आणखी दोघां शास्त्रज्ञांसह त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु ‘माझें चुकलें, मला क्षमा कर,’ असें कोणत्या माशीनें कधीं म्हटलें? ‘उद्यां येतें’ असें वचन तिनें कोणास दिलें? हें बोलणें मनुष्याचेंच. आणि खोटी साक्षही त्याचीच. वचन असो कीं क्षमा असो, ती एकट्यानें होत नाहीं. दुसरा कोणी ऐकणारा लागतो, आणि त्यास तें उमजावें लागतें.

म्हणूनच पौल करिंथ येथील मंडळीस बजावितो. शेजारी बसलेल्यास न कळणाऱ्या भाषेंत केलेल्या उपकारस्तुतीला त्या बापड्यानें ‘आमेन’ तरी कसें म्हणावें, असा त्याचा प्रश्न आहे (१ करिंथ १४). न कळणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षां समजतील असे पांचच शब्द त्यास बरे वाटत.

उपदेशक बंधूंनो, हा प्रश्न करिंथांतच राहिला, असें समजूं नका. आपण व्यासपीठावरून ‘तारण’ हा शब्द किती वेळां उच्चारतों! आपणांस तो शास्त्रांतून पाठ झाला आहे. पण ज्याचें शेत सोसायटीकडे तारण आहे, त्या भावाच्या डोळ्यांपुढें तो शब्द ऐकतांच काय येतें? सात-बाराच्या उताऱ्यावरील बोजा! ‘ख्रिस्तानें तुझें तारण केलें,’ असें आपण म्हणतों, आणि त्याच्या कानीं गहाणाचा शब्द पडतो. सोडवणुकीची वार्ता सांगावयास आपण गेलों, आणि सांगून आलों तें भलतेंच. तोच भाऊ ‘गहाण सोडविलें’ हें मात्र पुरें जाणतो. किती वर्षें उपाशी राहून, कोणाच्या हातापायां पडून तें सुटतें, हेंही जाणतो. त्यास तेथूनच शुभवर्तमान सांगा. प्रभूनें हरवलेलें नाणें, खमीर, जाळें यांच्याच गोष्टी सांगितल्या ना?

साधें बोलणें म्हणजे हलकें बोलणें, असें कित्येकांस वाटतें. पंडिता रमाबाईंस तसें वाटलें नाहीं. १८७८ सालीं कलकत्त्यास विद्वानांनीं त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. जड शब्दांची त्यांस काय वाण? तरी आयुष्याचीं शेवटचीं वर्षें केडगांवच्या मुक्ति मिशनांत त्यांनीं मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून सबंध पवित्र शास्त्र मराठींत आणण्यांत घालविलीं, आणि तें थोडें शिकलेल्या बाईसही वाचून कळावें म्हणून भाषा मुद्दाम सोपी ठेविली. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांस अवघड शब्द येत नाहींत त्यांनीं सोपें लिहिलें तर नवल नाहीं. ज्यांस ते येतात त्यांनीं ते बाजूस ठेविले, हें आम्हांस मोठें वाटतें.

उपासनेंत अगदीं मागें, भिंतीशीं, मूल मांडीवर घेऊन एखादी बाई बसते. ती मान डोलविते, यावरून तिला सर्व समजलें असें धरून चालूं नये. मान डोलविणें हा मर्यादेचाही भाग असतो. येत्या रविवारीं उपासना सुटल्यावर तिला सर्वांदेखत नव्हे, तर तिच्या ओट्यावर जाऊन हळूच विचारा, ‘बाई, तारण म्हणजे काय, तुमच्या शब्दांत सांगाल का?’ ती जो शब्द सांगेल तो लिहून घ्या, आणि पुढील रविवारचा उपदेश त्या शब्दापासून सुरू करा.