आरोपीचा वकील

बलात्काराच्या खोट्या तक्रारींविषयी आपल्याकडे दोनच सुरांत बोललं जातं. ‘बायका कायद्याचा गैरफायदा घेतात’ हा एक, आणि ‘बाई अशा बाबतीत कशाला खोटं बोलेल?’ हा दुसरा. दोन्हींत सगळ्यांच्या नजरा त्या बाईवर. पण खोटी तक्रार एका तोंडून निघाली, तरी निरपराध माणसाला फाशीच्या दारात नेऊन उभं करायला पोलीस, वकील, ज्यूरी, बाहेरची गर्दी असा अख्खा गाव लागतो. अमेरिकेतला स्कॉट्सबरोचा खटला त्यासाठी पुन्हा वाचायला हवा.

२५ मार्च १९३१. मंदीचे दिवस, कामाच्या शोधात पोरं मालगाड्यांवर चढून फुकट प्रवास करत. अशाच एका गाडीत गोऱ्या-काळ्या पोरांची मारामारी झाली. गाडीतून ढकलून दिलेल्या गोऱ्या पोरांनी तक्रार केली आणि अलाबामातल्या पेंट रॉक स्टेशनात बंदूकधारी जमावाने गाडी अडवून नऊ काळ्या मुलांना धरलं. दोघं तर जेमतेम तेरा वर्षांची. त्याच गाडीत व्हिक्टोरिया प्राइस आणि रूबी बेट्स या दोन गोऱ्या गिरणी कामगार सापडल्या. आपल्यावर बलात्कार झाला, असं त्यांच्याकडून पुढे आलं. भटक्या, बदचालीच्या म्हणून आपल्यालाच आत टाकतील या भीतीने त्या तसं बोलल्या असाव्यात, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. त्या दिवशी त्यांना सुटकेची एकच वाट दिसली, आणि ती अलाबामाने आधीच झाडून ठेवलेली होती.

बाराव्या दिवशी खटला सुरू झाला. चार दिवसांत सगळ्या सुनावण्या आटोपून आठ जणांना फाशी. नववा रॉय राइट. त्याचं वय पाहून सरकारी वकिलाने जन्मठेपच मागितली होती, पण ज्यूरीतले अकरा जण फाशीवर अडून बसले आणि एकमत झालं नाही!

आणि वकील? न्यायाधीशांनी गावातले झाडून सगळे वकील आरोपींसाठी नेमले होते. सगळ्यांवर जबाबदारी म्हणजे कुणावरच नाही. प्रत्यक्षात उभे राहिले दोघे. स्टीफन रॉडी हा शेजारच्या टेनेसीतला, जमीनजुमल्याची कामं करणारा. अलाबामातली कार्यपद्धती आपल्याला ठाऊक नाही, असं त्याने कोर्टातच सांगून टाकलं. दुसरा माइलो मूडी, सत्तरीला टेकलेला. अशिलांशी बोलायला त्यांना अर्धा तासही मिळाला नाही. तरी कागदोपत्री सगळं यथासांग: न्यायाधीश, ज्यूरी, साक्षीपुरावे, उलटतपासणी, निकाल. १९३२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘पॉवेल विरुद्ध अलाबामा’ या निकालात या शिक्षा रद्द केल्या. तयारीला वेळ न देता नावापुरता वकील उभा करणं म्हणजे वकील नाकारणंच, असा त्याचा मथितार्थ.

१९३३ साली फेरखटल्यात रूबी बेट्स आरोपीच्या बाजूने साक्षीला आली. बलात्कार झालाच नव्हता, म्हणाली. तेव्हा सरकार पक्षाने तिच्या अंगावरच्या नव्या कपड्यांचे पैसे कुणी दिले ते काढलं, आणि ज्यूरीने पुन्हा फाशीच सुनावली. दोन वर्षांपूर्वी ज्या बाईच्या शब्दावर आठ जणांना फासावर चढवायला गाव तयार होता, तिच्याच शब्दाला आता कवडीची किंमत नव्हती. म्हणजे तिच्यावर विश्वास तेव्हाही कुणी ठेवला नव्हता. ती फक्त सोयीची होती. न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी मात्र वैद्यकीय पुरावा ओळीओळीने तपासून तो निकाल रद्द केला. पुढच्याच वर्षी ते न्यायाधीशपदाच्या निवडणुकीत पडले.

‘पॉवेल’चा हवाला आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१० साली दिला. अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नये, असे बार असोसिएशनचे ठराव बेकायदा आहेत, असं ए. एस. मोहम्मद रफी खटल्यात न्यायालयाने बजावलं. तरीही २०१७ मध्ये गुरुग्राममधल्या एका शाळेत लहान मुलाचा खून झाला, तेव्हा तिथल्या वकिलांनी आरोपीच्या बाजूने उभं न राहायचं ठरवलंच. आरोपी शाळेच्या बसचा कंडक्टर. लैंगिक अत्याचाराचा प्रयत्न फसला म्हणून त्याने खून केला, ही पोलिसांची कथा. त्याची ‘कबुली’ टीव्हीवर. दोन महिन्यांनी सीबीआयने वेगळ्याच संशयिताला ताब्यात घेतलं, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये कंडक्टर आरोपमुक्त झाला. या प्रकरणात खोटं बोलणारी बाई कुठे होती?

इथे कुणीतरी लगेच म्हणेल, बघा, बलात्काराचे इतके आरोपी सुटतात, म्हणजे तितक्या तक्रारी खोट्या. हा निव्वळ आळशी हिशेब. आरोपी सुटला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला नाही, एवढंच. पंचनामा ढिसाळ, वैद्यकीय तपासणीला उशीर, साक्षीदारांवर दबाव, यातलं काहीही त्यामागे असू शकतं. कधी न्यायाधीशांची नजरही. १९७२ सालच्या, देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या मुलीवर झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी धरलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं, कारण त्या आदिवासी मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने प्रतिकार केल्याचं दिसत नव्हतं. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून उठलेल्या चळवळीने १९८३ साली कायदा बदलला. पत्रात त्यांनी कुणाला भर चौकात फाशी द्या, असं म्हटलेलं नाही. मोठ्या पीठापुढे फेरसुनावणी घ्या, एवढं मागितलं होतं. ती मिळाली नाही.