सफरीला सबब हवीच का?

कळंबोलीत लोखंड बाजाराच्या ट्रकांची घरघर रात्रभर चालू असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग इथूनच सुरू होतो. शिवाय आम्ही कोकणी मुसलमान. आखाताला जाणाऱ्याची बॅग प्रत्येक घराने भरलेली. त्यामुळे कोणी परदेशी निघाले तर आम्हांला नवल वाटत नाही. पण बासष्टाव्या वर्षी खालांनी कपाटावरची बॅग खाली काढली आणि सारे घर अस्वस्थ झाले.

खाला एकट्याच व्हिएन्नाला निघाल्या होत्या. तिथे ना मुलगा, ना नोकरी, ना इलाज. ऑपेरा, म्हणजे गाण्यातून उलगडणारे नाटक, ऐकायचा, शहर पाहायचे आणि दहा दिवसांनी परतायचे. उर्दू शाळेत भूगोल शिकवताना डॅन्यूबकाठचे हे शहर त्यांनी वर्षानुवर्षे छडीने नकाशावर दाखवले होते. खालूंनी कुवेतहून आणलेल्या एका कॅसेटवर मोझार्टचा ऑपेरा होता. शब्द कळत नसत, तरी ती कॅसेट त्यांच्या स्वयंपाकघरात वाजायची. पुढे खालू गेले, कॅसेटही झिजली.

आम्ही सगळे जमलो. कोणी म्हणाले, "खाला, हज झाला आहे तुमचा, पण त्यापेक्षा उमरा करा." कोणी म्हणाले, "बाईने एकटीने?" आणि कोणी हळूच म्हणाले, "एवढ्या पैशांत एखाद्या मुलाची वर्षाची फी भरली असती."

एकटेपणाचा प्रश्न आधी घेऊ. स्त्रीने महरमशिवाय प्रवास करू नये, हे सांगण्यामागे तिच्या सुरक्षिततेची काळजी आहे, असे अनेक आलिम मानतात. वाटा सुरक्षित झाल्या तर काय, यावर त्यांच्यात मतभेद आहेत. २०१८पासून भारतातून ४५ वर्षांवरील स्त्रिया चारजणींच्या गटात महरमशिवाय हजला जाऊ लागल्या. खाला तर एकट्याच निघाल्या होत्या. म्हणून आमची काळजी खोटी नव्हती. पण खालांनी एवढेच विचारले, "तुमचे खालू बावीस वर्षे कुवेतला होते. तापाने फणफणलेल्या पोराला घेऊन मी रात्री दवाखान्यात जात होते, तेव्हा माझ्यासोबत कोण होते?" यावर कोणी बोलले नाही. कर्तव्यासाठी बाई एकटी असते तेव्हा ते आमच्या डोळ्यांना दिसत नाही. आनंदासाठी ती एकटी निघाली की लगेच खुपते.

दुसरा प्रश्न प्रयोजनाचा. आमच्यात सफरीला सबब लागते. इब्न बतूता १३२५ साली तान्जिअरहून एकटाच हजला निघाला. पण हज झाल्यावर तो थांबला नाही. फिरत फिरत आपल्या दौलताबाद-नंदुरबारपर्यंत आला. आमच्याच रायगड जिल्ह्यातल्या जंजिऱ्याच्या नाजली बेगम यांच्या भगिनी अतिया फैझी १९०६ साली लंडनला गेल्या. सबब शिक्षिकेच्या प्रशिक्षणाची होती. त्यांच्या रोजनिशीत मात्र पाहिलेल्या जागा आणि भेटलेली माणसेही आहेत. पुढे १९१४ साली त्यांचे हिंदुस्थानी संगीतावरचे पुस्तक आले. कुरआनही जमिनीवर फिरून पाहायला सांगतो. पाहणे हीच सबब का होऊ नये?

आणि ऐकणे? संगीताविषयी आमच्यात एकमत नाही, हे खरे. खालांच्या कॅसेटवरचा ऑपेरा १७८२ साली व्हिएन्नातच पहिल्यांदा झाला. त्याआधी ९९ वर्षांपूर्वी, १६८३ साली, तुर्की फौजेने त्या शहराला वेढा घातला होता. त्या ऑपेरातला पहारेकरी उस्मिन क्रूर आणि हास्यास्पद रंगवला आहे. पण पाशा सलीमच्या हाती जुन्या शत्रूचा मुलगा सापडतो, तेव्हा तो सूड न घेता सर्वांना सोडून देतो. दुसऱ्यांनी आपल्याला कसे पाहिले, त्यातले वाईट आणि चांगले दोन्ही, हे जाऊन ऐकणे निरर्थक कसे म्हणावे?

उरला पैशाचा प्रश्न. तो सर्वांत अवघड. खालांनी जकात दिली होती, कोणाचे देणे ठेवले नव्हते. तरीही आम्ही कबूल करतो की त्या पैशांत एका मुलाची फी भरता आली असती. व्हिएन्नाचे ऑपेरागृह १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळाले आणि १९५५ साली पुन्हा उघडले. भाकरीची चणचण असलेल्या त्या दिवसांत गाण्यावर खर्च कशाला, असे तिथेही कोणाला वाटले असेलच. पण आम्ही लग्नात बारा पदार्थ मांडले, एक गाडी असताना दुसरी घेतली, तेव्हा तो मुलगा आम्हांला आठवला नव्हता. खालांनी स्वतःसाठी काही मागितले आणि तो आठवला. प्रश्न खोटा नाही. तो सर्वांना विचारायला हवा, आणि आधी स्वतःला.

त्या संध्याकाळी आम्ही पुरुषांनी आपापसात रक्कम ठरवली आणि एका मुलाच्या फीची जबाबदारी घेतली. खालांना काही सांगितले नाही.

पहाटे गाडीत बसताना त्यांनी विमानतळावर सोबत कोणी यायला नको म्हणून बजावले. व्हिसाच्या अर्जात प्रवासाच्या हेतूपुढे त्यांनी 'पर्यटन' असे लिहिले होते. आम्ही 'फी अमानिल्लाह' म्हटले. या वेळी त्यांना कोणी काही विचारले नाही.