परदेश पालघरला सुरू होतो

परदेशी शिकायला गेलेल्यांचे मराठीतले अनुभव वाचले, की जेवणाचा भाग बहुतेक ठिकाणी सारखाच निघतो. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या, तेव्हा तिथे आचार-विचार आणि आहार कसे सांभाळायचे याची चर्चा गावभर झाली होती. पंडिता रमाबाई त्याच वर्षी इंग्लंडला गेल्या, तिथे ख्रिस्ती झाल्या, तरी शाकाहार त्यांनी सोडला नाही. पुढच्या शे-सव्वाशे वर्षांत बोटीचं विमान झालं, पण बॅगेतलं मेतकूट, उकडलेल्या बटाट्यांवर काढलेले दिवस आणि सूपमध्ये निघालेला मांसाचा तुकडा हे सगळं जागच्या जागी राहिलं. हे हाल खोटे नाहीत. मात्र ते एका विशिष्ट घरातून निघालेल्या माणसांचे आहेत, आणि त्या घरात बोंबील शिजत नाहीत.

माझ्या घरात शिजतात. त्यामुळे सातपाटीहून स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला शिकायला गेले तेव्हा मला खाण्याची चिंता नव्हतीच. उत्तर समुद्र तिथे दाराशी आहे. चिंता होती ती आईने प्लॅस्टिकच्या पिशव्यांत एकात एक गुंडाळून दिलेल्या सुक्या बोंबलांची, म्हणजे त्यांच्या वासाची. आणि त्या चिंतेचा सराव मला घरापासून आठेक किलोमीटरवर, पालघरला झालेला होता.

सातपाटीचं पापलेट कोणाला नको असतं? २०२३ मध्ये राज्य सरकारने त्याला राज्य मासा केलं, आणि त्यासाठी आमच्याच गावच्या मच्छीमार संस्थांनी पाठपुरावा केला होता. पण पापलेटचा मान वेगळा आणि ते विकणाऱ्या बाईचा वेगळा. पाटी घेतलेली बाई पालघर स्टेशनवर गाडीत चढते ती लगेजच्या डब्यात. चुकून साध्या डब्यात शिरली, तर शेजारची बाई पदर नाकाला लावते. कॉलेजात वर्गातल्या मुली हसत विचारायच्या, "आज काय होतं गं घरी?" पालघर-बोईसरला नव्या इमारतीत भाड्याने खोली बघायला जा, नावाआधी खाणं विचारतात. पालघरला जाताना वाटेतलं शिरगाव मागे पडलं की केस पुन्हा एकदा हुंगून बघायची सवय आमच्यातल्या कितीतरी जणींना आहे. संस्कृतींमधल्या फरकाशी जुळवून घेणं ज्याला म्हणतात, ते मी पासपोर्ट काढायच्या बरंच आधी शिकले होते.

ॲबरडीनला सहा जणांत एक स्वयंपाकघर होतं. पहिल्यांदा बोंबील भाजले त्याच्या दुसऱ्या दिवशी फ्रिजवर पिवळी चिठ्ठी. उग्र वासाचं काही करताना कृपया खिडकी उघडी ठेवावी, खाली हसरा चेहरा काढलेला. चिठ्ठी कोणाची, हे कोणीच सांगेना. समोर भेटले की सगळे हवापाण्याचं बोलत. मला खरा परका वाटला तो हा भाग. सातपाटीत वासावरून, पाण्यावरून, जाळं कुठे पसरलं यावरून भांडण झालं, तर ते आळीत होतं, मोठ्या आवाजात होतं, आणि संध्याकाळी त्याच घरून वाटीभर कालवण येतं. ॲबरडीनला भांडण कागदावर होतं आणि आवाज न करता कितीही दिवस चालू शकतं. प्राध्यापकांना नावाने हाक मारणं, वेळ ठरवल्याशिवाय कोणाकडे न जाणं, दुपारी साडेतीनला होणारा अंधार, यांची सवय महिन्याभरात झाली. त्या सभ्य अबोल्याची शेवटपर्यंत झाली नाही.

सोडवणूक नायजेरियाच्या मुलीने केली. तिच्याकडे नॉर्वेत लाकडी मांडवांवर वाळवलेला कॉड होता, लाकडासारखा कडक. नायजेरियात तो आवडीने खातात, आणि तिने तो भिजवून शिजवायला घेतला की माझे बोंबील अगदीच सोवळे वाटायचे. आमच्याकडेही बोंबील बांबूवरच वाळतात, हे मी तिला फोटोत दाखवलं. मग शनिवारी आम्ही दोघी एकदमच शिजवू लागलो. भर जानेवारीत खिडकी सताड उघडी, अंगात कोट, आणि चिठ्ठीखाली आमच्या दोघींच्या नावांनिशी वेळ लिहिलेली. तक्रार कागदावर होती, उत्तरही कागदावरच दिलं.

गंमत म्हणजे ज्यांना वास आला त्यांचं शहरच माशांवर उभं राहिलेलं. ॲबरडीन बंदराच्या तोंडाशी फुटडी नावाची जुनी कोळी वस्ती आहे. १८०९ मध्ये आखून बांधलेली. घरांची पाठ समुद्राकडे, दारं आतल्या चौकाकडे. दर पावसाळ्यात बंधारा टिकेल का म्हणून लाटांकडे बघत बसणाऱ्या सातपाटीच्या माणसाला त्या रचनेतलं शहाणपण समजावून सांगावं लागत नाही. याच किनाऱ्यावरच्या बायका विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेरिंगच्या हंगामामागे शेटलंडपासून पार दक्षिणेला यार्मथपर्यंत जात. तिघींची टोळी. दोघी मासा चिरणार, एक पिंपात मीठ लावून भरणार. सुरी आणि मीठ लागू नये म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. तो फोटो बघताना माझ्या आईची बोटं दिसली, असं मी लिहिणार नाही; आई चिंध्या बांधत नाही. पण आज त्या बायका संग्रहालयात मानाने आहेत, आणि आमच्या अजून लगेजच्या डब्यात. मासे पकडण्याचं आणि विकण्याचं काम आपल्यापासून पुरेसं लांब गेलं, की समाज त्याचा अभिमान बाळगायला मोकळा होतो, असं माझं मत झालं आहे.

परदेशात जाऊन आलेल्याला सगळ्यात कठीण जातं ते परतणं. डॉ. आंबेडकरांनी हे जसं लिहिलं तसं मराठी माणसांत दुसऱ्या कोणी लिहिलेलं मला माहीत नाही. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे भानच मनातून पुसलं गेलं होतं. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशी सराईतून त्यांना काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. त्या अपमानाशी माझ्या अनुभवाची बरोबरी मी करत नाही. फक्त एवढंच, की बाहेर राहून आलेल्या माणसाला आपल्या गावातलं नेहमीचंही नव्याने दिसायला लागतं.

मला दिसले ते खलाशी. स्कॉटलंडच्या बोटींवर आता फिलिपिन्स आणि घानाचे खलाशी मोठ्या संख्येने आहेत. त्यांचे हाल ऐकून तिथे मी हळहळले होते. आमच्या किनाऱ्यावरच्या बोटींवर कोण असतं? डहाणू-तलासरीकडचे आदिवासी. बोट आपली, जाळं आपलं, पापलेटचा मानही आपला. खलाशाचं नाव मात्र विचारलं तर किती जणांना सांगता येईल?

यातले पुष्कळजण गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. समुद्रात हद्दीची रेघ नसते. पाकिस्तानी यंत्रणा बोट पकडते आणि हे लोक कराचीच्या मलीर तुरुंगात वर्षं काढतात. अनोळखी भाषा, अनोळखी जेवण, घरची खबर नाही. आमच्या जिल्ह्यातून परदेशी राहून आलेल्यांत तेही आहेत. भारत आणि पाकिस्तान दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या याद्या देतात, मच्छीमारांची वेगळी मोजदाद करून. मी परतले तेव्हा नाक्यावर माझा फोटो असलेला फ्लेक्स लागला होता. मलीरहून सुटून आलेल्याचा फ्लेक्स मी पाहिलेला नाही. डहाणू, तलासरी, पालघरच्या वाचकांनो, असा कोणी तुमच्या पाड्यावर असेल, तर पुढच्या दिवाळी अंकासाठी त्याच्याकडे बसून तिथलं सगळं ऐका, आणि त्याच्या नावाने लिहून पाठवा.