कुंदजेहन कोण?

आम्हा उर्दू शाळेच्या शिक्षकांच्या तोंडी एक शब्द नेहमी असतो: कुंदजेहन. कुंद म्हणजे बोथट, जेहन म्हणजे बुद्धी. मराठी शाळेतले गुरुजी अशाच मुलाला मठ्ठ म्हणतात. शब्द वेगळे, निकाल एकच. हा निकाल देण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला, हा प्रश्न बी.एड.च्या परीक्षेत कधी आला नाही. तो तिसरीच्या वर्गात आला.

आमचे गाव यंत्रमागांचे. बाप रात्रपाळी करून सकाळी झोपतो, आई घरी कांड्या भरते, मूल काळ्या चहात बटर बुडवून खाते आणि शाळेत येते. आमच्या वर्गातला असाच एक मुलगा दुसऱ्या तासालाच बाकावर डोके टेकायचा. भागाकार त्याला येत नव्हता. आम्ही बापाला बोलावून त्या मुलासमोरच तो शब्द उच्चारला. बापाने मान खाली घातली. पुढे एके दिवशी मधल्या सुट्टीत तो मुलगा आपल्या ताटातली अर्धी खिचडी डब्यात भरताना दिसला. विचारले तर म्हणाला, "सर, छोटी बहन के वास्ते." ज्याला भागाकार येत नाही अशी नोंद आम्ही केली होती, तो रोज एका ताटाचे दोन वाटे करत होता.

मेंदूची सर्वांत झपाट्याची वाढ आईच्या पोटात आणि जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत होते. त्या काळात अन्न कमी पडले तर उंची खुंटते आणि पुढे शिकणेही जड जाते. लोह कमी पडले की रक्त फिके होते, लक्ष टिकत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. म्हणजे चाळीस मुलांमागे चौदा. सहा महिने ते पाच वर्षे या वयातल्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे.

ग्वाटेमालात १९६९ ते १९७७ या काळात चार खेड्यांत एक प्रयोग झाला. दोन खेड्यांत प्रथिनयुक्त पेज दिली, दोन खेड्यांत प्रथिने नसलेले गोड पेय. लहानपणी पेज मिळालेली मुले मोठेपणी वाचलेले समजून घेण्यात सरस ठरली. मग आम्ही ज्याला जन्मजात बोथटपणा म्हणतो, त्यातला किती भाग रिकाम्या वाटीचा असतो?

दरवर्षी निकालानंतर मोहल्ल्यात गुणगौरव समारंभ होतात. दहावीच्या मुलांना पदके मिळतात, जकातीतून शिष्यवृत्तीही मिळते. त्या मुलांची मेहनत खरी आहे. तिला आम्ही कमी लेखत नाही. पण पाळण्यातच मागे पडलेल्या मुलाला त्याच मापाने मोजायचे आणि वर दोषही त्यालाच द्यायचा, हा इन्साफ कसा? परीक्षा सर्वांना एकच असू द्या. पण गुण सांगणे वेगळे आणि माणसाचा निकाल लावणे वेगळे.

इथे दुसरी एक चूकही होते, आणि ती दयेच्या वेषात येते. "बिचारा, उपाशी वाढला, आता याच्याकडून काय होणार?" असे म्हणून आम्ही हात झटकतो. जमैकातल्या किंग्स्टन शहरात १९८०च्या दशकात १२९ खुज्या बाळांवर अभ्यास झाला. काहींना दुधाचा पूरक आहार मिळाला. काहींच्या घरी दर आठवड्याला आरोग्यसेविका जाऊन बाळाशी खेळावे कसे, बोलावे कसे हे आईला शिकवत. काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. दोन वर्षांनी आहार आणि खेळ या दोहोंचा फायदा दिसला. दोन्ही मिळालेली बाळे सर्वांत पुढे होती. वीस वर्षांनी मात्र खेळ-बोलण्याचा लाभ झालेल्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने जास्त निघाली. नुसत्या आहाराचा असा परिणाम उरला नव्हता. ती बाळे होती, आमची मुले आठ वर्षांची आहेत, हा फरक आम्ही विसरत नाही. तरी एवढे कळते की अन्न हवेच, आणि अन्नाबरोबर कोणीतरी आपला वेळ द्यायला हवा.

शाळेतल्या आहाराची केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. शिजवलेले अन्नच द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ ला दिला. प्राथमिकच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण आहे. तांदूळ-डाळीच्या नोंदी ठेवताना, "आम्ही शिक्षक की बावर्ची?" अशी कुरकुर आम्हीही पुष्कळ केली. आता करत नाही. भुकेल्या मुलापुढे फळ्यावरचा धडा अर्धाच असतो; उरलेला अर्धा त्या पातेल्यात असतो.

छोट्या बहिणीचे नाव अंगणवाडीत आहे की नाही, याची चौकशी आम्ही केली. नव्हते, ते घातले. मुलगा आता पुढच्या वर्गात आहे. भागाकार अजून अडखळत करतो. बापाची माफी मागायची मात्र राहून गेली आहे. लेख लिहिणे सोपे होते. ती मागायला कारखान्याच्या दारापर्यंत जावे लागेल.